पाटीवरचा आकडा

दुपारी पावणेचारला रुक्सारचा कॉम्प्युटर बंद पडला आणि पाठोपाठ दस्तगीरचं बोट भाजलं. आधी पडदा काळा झाला. त्या पडद्यावर एका घराचा दिवाणखाना उमटत होता, अजून न बांधलेल्या घराचा. एकेक चौकोन भरत चालला होता आणि फरशीवर खिडकीतून आलेलं ऊन पसरत होतं. नुसतं रंगानं केलेलं ऊन, पण खरं वाटावं असं. पलंगाच्या कडेला बसून ते भरणं बघण्यात दस्तगीरची दुपार बरी जायची. भरता भरता मध्येच सगळं गेलं. रुक्सार, त्याची लेक, बाल्कनीत वाळलेले कपडे काढत होती. तो उठला. कॉम्प्युटरच्या पेटीची एक बाजू ती हल्ली उघडीच ठेवायची. तिथं वाकून त्यानं पन्नास वर्षांच्या सवयीनं बोटं उलटी करून आत, पंख्याच्या कडेला लावली. मोटार तापलीय का हे असंच बघतात, बोटांची मागची बाजू लावून. चटका बसला. हात झटकून त्यानं बोट तोंडात धरलं आणि तसाच उभा राहिला. दुखत होतं त्याचं काही नव्हतं. दुखलेलं कळलं, ह्याचं नवल वाटत होतं.

चौदा महिन्यांपूर्वी त्यानं कडेगावचं मोटार वायंडिंगचं दुकान बंद केलं ते ह्या बोटांपायीच. साखरेच्या आजारानं आधी तळपाय बधिर केले, मग बोटांची टोकं. तांब्याची तार खाचेत नीट बसली की नाही हे बोटांना कळेनासं झालं, डोळ्यांनी बघावं लागायला लागलं, आणि वायंडरला तार डोळ्यांनी बघायची वेळ आली की त्यानं उठावं. तो उठला. कुणी उठवायच्या आधी उठला ह्याचं त्याला समाधान होतं. मग बायकोला, अख्तरबीला घेऊन सांगलीला आला, शंभर फुटी रस्त्याच्या मागं, लेक राहायची त्या दोन खोल्यांत. इथं दुःख असं काही नव्हतं. सकाळी दूध आणायचं, मशिदीत जायचं, येताना गॅरेजांपुढं जरा रेंगाळायचं, कुठल्या गाडीचा आवाज कसा येतोय ते मनातल्या मनात ठरवायचं. अख्तरबी म्हणायची, सुखाला लागलाय. लागला होताच. फक्त हाताला काहीतरी कमी पडायचं. चहाची कपबशी गरम आहे हे आधी ओठांना कळायचं, बोटांना मागून. आणि आज हा चटका, स्वच्छ, जुन्या ओळखीचा.

"परत गेला?" रुक्सार दारातूनच म्हणाली. कपड्यांचा ढीग छातीशी.

"गेला. लय तापलाय गं. हात ठिवू दीना."

"आज तिसऱ्यांदा." तिनं कपडे पलंगावर टाकले आणि ती खुर्चीत बसली. ओरडली नाही, टेबलावर हात आपटला नाही. नुसती काळ्या पडद्याकडं बघत राहिली. दस्तगीरला ती अशी गप्प झाली की भीती वाटायची. लहानपणी ताप आला की अशीच व्हायची. साताऱ्याच्या वीरधवल नावाच्या एका आर्किटेक्टसाठी ती ते घर करत होती. तो नकाशे पाठवायचा, ती त्यातून चाळीस सेकंदांची फिल्म करायची: फाटकातून आत, ओटा, दिवाणखाना, जिना, वर गच्ची. चाळीस सेकंद म्हणजे साडेनऊशेच्या वर चित्रं, आणि एकेक चित्र घडवायला ह्या पेटीला सात मिनिटं. येत्या शनिवारी वीरधवल ती फिल्म घर बांधून घेणाऱ्यांना दाखवणार होता. "असंच चाललं तर पुण्याचं घेते मी," ती म्हणाली, एका ओढणीची घडी घालत, जणू ओढणीलाच सांगत होती. "त्यांच्याकडं निदान मशिनी तरी धड आहेत."

पुण्याच्या एका स्टुडिओनं तिला बोलावलं होतं. हे दस्तगीरला ठाऊक होतं आणि त्यावर त्यानं काहीच म्हटलं नव्हतं. काही म्हणायचं नाही हे त्यानं ठरवलं होतं असंही नव्हे. तो विषय आला की त्याचं मन पाण्यात सोडलेल्या दगडासारखं सरळ खाली जायचं आणि तळाशी गप बसायचं. आत्ताही तो एवढंच म्हणाला, "काय करावं लागंल ह्याला?"

"बोर्ड बदलायचा. मदरबोर्ड, हे सगळं ज्याच्यावर बसलंय तो. मग प्रोसेसर ओव्हरक्लॉक करते." आणि त्याच्या चेहऱ्याकडं बघून तिनं सोपं करून सांगितलं. "हा मधला चौकोन दिसतोय ना, पंख्याखाली, तो प्रोसेसर. सगळं काम तो करतो. कंपनीनं त्याचा एक वेग ठरवून दिलाय. पण ह्या जातीच्या प्रोसेसरला कुलूप नसतं. आपण सेटिंगमध्ये जाऊन वेग वाढवू शकतो. थोडा विजेचा दाब वाढवायचा, थोडा वेग."

"म्हंजी लिवलंय त्याच्या वर?"

"वर."

"न्हाई," दस्तगीर म्हणाला. एवढ्या जोरानं म्हणाला की आतून अख्तरबी डोकावली. "लिवलंय त्याच्या वर जायचं न्हाई. जळंल. दुसरं काय बी कर." आणि मुलगी काही विचारेल म्हणून तो बाल्कनीत निघून गेला. खाली रस्त्यावर एक माणूस ट्रकच्या बोनेटमध्ये कमरेपर्यंत शिरला होता. त्याच्याकडं बघत दस्तगीर भाजलेल्या बोटावर फुंकर घालत राहिला.

प्रत्येक मोटारीच्या अंगावर पत्र्याची एक पाटी असते. किती हॉर्स, किती फेरे, किती करंट, सगळं कारखान्यानं ठोकून दिलेलं. मामूच्या, म्हणजे मामाच्या हाताखाली तो पहिलं काही शिकला असेल तर ती पाटी वाचायला. शाळेतली अक्षरं नंतर. आणि बत्तिसाव्या वर्षी, मामू थकून घरी बसला आणि दुकान त्याच्या हातात आलं तेव्हा, त्यानं ती पाटी ओलांडली. अर्जुना आला होता, त्याच्याच वयाचा, मळीच्या रानात ऊस लावलेला. विहिरीचं पाणी खाली गेलेलं, मोटार पाणी वर फेकेना. "दस्तगीर, गड्या, पाच हॉर्सची साडेसात कर की रं. तुझ्या हातात हाय." तुझ्या हातात हाय, हेच ते तीन शब्द. हात तेव्हा असे होते की अंधारात तारेचा गेज, तिची जाडी सांगायचे. त्यानं वेढे कमी केले, तार जाड घेतली, खाचा इतक्या गच्च भरल्या की कागद सरकवायला जागा उरली नाही. व्हार्निश वाळेपर्यंत तो दुकानातच झोपला. आणि मोटार चालली. पाइप तोंडभर पाणी फेकायला लागला. अर्जुनानं पेढे आणले, नुसत्या दुकानात नाही, मामूच्या घरीसुद्धा. मग आणखी तिघं आले, त्यांच्याही मोटारी त्यानं तशाच भरल्या. त्या दिवसांत कडेगावच्या बाजारातून चालताना आपण जमिनीपासून चार बोटं वर आहोत असं त्याला वाटायचं. ते वाटणं अजून अंगात कुठंतरी होतं, म्हणून तर ते आठवायला नको वाटायचं. एप्रिलच्या मधल्या पंधरवड्यात चारही जळाल्या. एकापाठोपाठ एक. जळक्या व्हार्निशचा वास, गोडसर, घशात बसणारा. अर्जुना भांडला असता तर बरं झालं असतं. तो एक शब्द बोलला नाही. जळालेली मोटार ट्रॉलीत घातली आणि दस्तगीरच्या दुकानावरनं, दारावरनं, विट्याच्या वायंडरकडं घेऊन गेला. ट्रॉलीत मोटारीशेजारी त्याची बायको बसली होती. तिनं दुकानाकडं बघितलं आणि पदर सावरला. मामू काठी टेकत दुकानात आला आणि चार माणसांदेखत म्हणाला, "माझ्या हाताखाली शिकला आन् पाटी खोटी केली."

त्यानंतर एकतीस वर्षं त्यानं पाटी ओलांडली नाही. कुणाचीच. पलूसकडच्या एका कारखान्यानं फोरमन म्हणून बोलावलं, गेला नाही. रुक्सारला बारावीनंतर हे चित्रांचं शिकायचं होतं तेव्हाही तो पहिल्यांदा नाहीच म्हणाला होता. अख्तरबीनं तीन दिवस अबोला धरला तेव्हा हो म्हणाला. आणि ह्या सगळ्यात आपण दुःखी होतो असं त्याला कधी वाटलं नाही. जेवढं लिहिलंय तेवढं नीट करायचं, ह्यातही एक गारवा असतो. त्याच्या हातच्या मोटारी वीस-वीस वर्षं चालल्या. लोक म्हणायचे, दस्तगीरनं भरलीय म्हंजी बघायला नको. तो गारवा खोटा नव्हता. फक्त लेक मघाशी "दाब वाढवायचा, वेग वाढवायचा" म्हणाली तेव्हा छातीत जे धडधडलं, ती सगळी भीतीच होती असं त्याला छातीवर हात ठेवून सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. रुक्सारनं त्या विषयाला हात लावला नाही. पेटी उघडून ब्रशनं धूळ काढत बसली. दस्तगीर चहा घेऊन शेजारी आला, मग चष्मा काढून दुकानातलं जुनं भिंग घेऊन आला, मग टॉर्च. "हे चौकोनी चौकोनी काय गं?" प्रोसेसरच्या कडेला काळ्या खड्यांची एक ओळ होती.

"त्यांना चोक म्हणतात. वीज आधी त्यांच्यातून जाते, मग प्रोसेसरला मिळते."

"चोक? म्हंजी आत कॉइल हाय?"

"असंल की. मला नाही माहीत."

"कॉइलच हाय," दस्तगीर म्हणाला आणि भिंग आणखी जवळ नेलं. तारेची टोकं दिसत नव्हती, पण त्याला दिसली. चार खडे. एवढ्या मोठ्या कामाच्या जनावराला पाणी पाजायला चार पन्हळी. आणि त्यांच्या शेजारी वीज तोडणारे-जोडणारे ते बारके तुकडे उघडेबोडके, डोक्यावर साधा पत्रासुद्धा नाही. काल आपलं बोट कुठं भाजलं ते त्याला आत्ता कळलं. प्रोसेसरवर पंखा होता, टॉवरसारखा उंच. तापलं होतं ते हे. "ह्याचा लिवलेला वेग किती म्हणालीस?"

"आतले सगळे कोअर मिळून चालले तर चार पूर्णांक सात गिगाहर्ट्झ."

"आन् हितं देतो किती?"

"पहिली पाच मिनिटं देतो. मग बोर्ड तापतो आणि तीनवर आणतो. मग कधीतरी बंदच." ती ब्रश थांबवून म्हणाली, "ज्यानं जोडून दिला त्यानं प्रोसेसर भारी घातला आणि बोर्ड हलका."

"म्हंजी पाटीवरचं बी देत न्हाई?"

"नाही देत."

दस्तगीरनं भिंग खाली ठेवलं. हे त्याला धक्क्यासारखं लागलं. पाटीच्या वर जाणं हा गुन्हा. पण पाटीवरचंसुद्धा ज्याला देता येत नाही, आणि ते त्याच्यात आहे, अंगात आहे, नुसतं खालचं धड नाही म्हणून देता येत नाही, त्याला काय म्हणायचं? त्यानं लेकीकडं बघितलं. तिच्या नाकाच्या शेंड्यावर धूळ होती. "बोर्ड बघू," तो म्हणाला. ती फोनवर फोटो दाखवायला लागली. त्यानं दोन बघितले आणि फोन परत दिला. "फोटोत काय कळतंय. दुकानात जाऊ उद्या. हातात घिऊन बघू."

शौनकचं कॉम्प्युटरच्या सामानाचं दुकान कॉलेज कॉर्नरकडं होतं. शौनक तिशीचा, चष्म्यातून हसणारा. रुक्सारचं आधीचं सामान त्याच्याकडचं नव्हतं, पण ती त्याला ओळखत होती. तिनं प्रोसेसरचं नाव सांगितलं, त्याला बसणारे चार बोर्ड त्यानं काउंटरवर मांडले. "पहिलं बघायचं ते हे, प्रोसेसर ज्या खोबणीत बसतो ती खोबण. ती ह्या चौघांचीही जुळते," तो म्हणाला. "दुसरं, ओव्हरक्लॉक करू देणारी चिप. ती ह्या तिघांत आहे. त्यातला हा घ्या. सोळा मिलियन रंगांत लाइट मारतो."

"रंगाचं काय करायचं?" दस्तगीर म्हणाला. त्यानं खिशातून टॉर्च काढला. शौनकनं रुक्सारकडं बघितलं. रुक्सारनं बघू द्या अशी मान हलवली. लाइटवाल्या बोर्डावर धातूसारखं दिसणारं मोठं आवरण होतं. दस्तगीरनं बोर्ड डोळ्यांच्या रेषेत आडवा धरला आणि कडेनं आत उजेड मारला. "ही वरची टोपी प्लास्टिकची हाय. खाली आठच कॉइल." मग त्यानं शेवटचा उचलला. काळा, कुठं नक्षी नाही, चित्र नाही. प्रोसेसरच्या दोन बाजूंना अॅल्युमिनियमचे पाटे, खाचा पाडलेले, जड. तो त्यानं एका हातात घेतला आणि लाइटवाला दुसऱ्या हातात. बोटांची टोकं बधिर असली तरी वजन मनगटाला कळतं, खांद्याला कळतं. तो डोळे मिटून तसाच उभा राहिला. दुकानात दुसरं गिऱ्हाईक आलं होतं, ते थांबून बघत होतं. दस्तगीरला त्याचं काही वाटलं नाही. कित्येक महिन्यांनी त्याच्या दोन्ही हातांत काहीतरी होतं आणि त्यातलं कुठलं बरं हे त्याला विचारलं जात होतं. "हे खरं हाय," तो म्हणाला आणि डोळे उघडले. "मोजा बरं, कॉइल चौदा हायत का?"

शौनकनं मोजले. चौदा होते. "चाचा, तुम्ही इलेक्ट्रिकलचे?"

"वायंडर."

"हा बोर्ड दोन महिने पडून आहे माझ्याकडं. लाइट नाही म्हणून कुणी घेत नाही." शौनक हसला. "मी माझ्या स्वतःच्या पेटीत हाच घातलाय."

घरी येऊन रुक्सारनं जुना बोर्ड काढला, नवा बसवला. प्रोसेसर उचलताना तिनं श्वास धरला, दस्तगीरनंही धरला. अख्तरबी दोनदा जेवायला बोलावून गेली आणि तिसऱ्यांदा भाकरीचे तुकडे कालवणात मोडून ताटं तिथंच आणून ठेवली. "आवं, बापलेक मिळून बाळंतपण करताय का काय?" ती म्हणाली आणि स्वतःच तिथं बसली. मशीन सुरू झालं. आधी पाटीवरचं, चार पूर्णांक सात. सगळ्या अंगाला काम लावणारा एक तपासणीचा प्रोग्राम रुक्सारनं सोडला. पाच मिनिटं, पंधरा, अर्धा तास. दस्तगीर बोटं उलटी करून अॅल्युमिनियमला लावायचा. कोमट. आता तो खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "घे वर, पर हळूहळू." चार पूर्णांक नऊ. पाच. दर पायरीला रुक्सार थांबायची, अर्धा तास जाऊ द्यायची, आकडा वहीत लिहायची. घाई तिच्यात नव्हती हे त्याला बरं वाटलं. ही शिस्त कुणी शिकवली हिला? पडद्यावर व्होल्टेजचा आकडा होता. काम सुरू झालं की तो थोडा खाली यायचा. दस्तगीरनं ते लगेच पकडलं. "लोड आला की दाब पडतोय बघ."

"पडतोच. जुन्यात किती पडायचा ते बघायला पाहिजे होतं तुम्ही. हा बोर्ड सावरतो."

पाच-एक झालं, पाच-दोनही झालं. पाच-तीनला सात मिनिटं झाली आणि पडदा निळा झाला. दस्तगीर खुर्चीसकट मागं सरकला. वास घेतला. नाकपुड्या आपोआप फुलल्या, तो गोडसर वास शोधायला लागल्या. रुक्सार हसत होती. "काही जळलं नाही, अब्बा. एवढं झेपत नाही म्हणून त्यानं हात वर केले. जळायच्या आधीच थांबतो तो." तिनं मशीन परत सुरू केलं, आकडा खाली घेतला, आणि ते मुकाट्यानं परत चालायला लागलं. मोटार हात वर करत नाही. मोटार मुकाट्यानं ओढत राहते, ओढत राहते आणि जाते. आणि मग, तपासणी चालू असताना, अख्तरबी ताटं उचलून आत गेल्यावर, त्यानं लेकीला अर्जुनाची गोष्ट सांगितली. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला सांगितली. अख्तरबीशी लग्न झालं ते त्या एप्रिलनंतर. तिला गावाकडनं कळलं असेल, तिनं कधी विचारलं नाही. वेढे किती होते, तार कुठल्या गेजची, सगळं त्यानं सांगितलं, पेढे सांगितले, ट्रॉली सांगितली. शेवटी मामूचं वाक्यही सांगितलं.

रुक्सारनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "केबल किती जाडीची होती?"

"कुठली?"

"मीटरपासून विहिरीपर्यंतची."

दस्तगीरनं सांगायला तोंड उघडलं. त्या मोटारीच्या एकेका खाचेतला एकेक वेढा त्याला आठवत होता. केबल आठवेना. आठवेना कारण त्यानं ती बघितलीच नव्हती. "मी इहिरीवर गेलोच न्हवतो," तो म्हणाला. मोटार दुकानात आली होती, दुकानातनं गेली होती. मळीवरची ती विहीर मीटरपासून चारशे-पाचशे फूट लांब. जुनी बारीक केबल असणार, पाच हॉर्सला जेमतेम पुरणारी, जुनाच स्टार्टर. एप्रिलात आधीच लाइन ढिली. साडेसातची मोटार तहानेली, केबलमध्ये दाब सांडत चाललेला, शेवटाला पोचतो तो निम्मा. मग ती जास्त ओढते, जास्त तापते. नंतरच्या एकतीस वर्षांत त्यानं शंभर गिऱ्हाइकांना सांगितलं असेल, बाबांनो, केबल बदला. स्वतःच्या त्या चार मोटारींना ते लावून बघायची हिंमत त्याला कधी झाली नव्हती. त्या आठवणीच्या दाराशी गेलं की तो तिथूनच परत फिरायचा. आज पोरीनं नुसतं दार ढकललं. हात बरोबर होते. हातांनी भरलं ते बरोबर भरलं होतं. पाय कमी पडले होते. विहिरीपर्यंत चालून जायला पाहिजे होतं आणि मामूचा भाचा, चार बोटं वर तरंगणारा, गेला नव्हता. चूक होतीच, आणि अर्जुनाचा ऊस करपला तो करपलाच. पण एकतीस वर्षं त्यानं शिक्षा दिली ती भलत्यालाच, हातांना. आता रडू येणार असं त्याला वाटलं, पण ते आलं तेव्हा हसूच होतं, ओलसर, म्हाताऱ्या माणसाचं.

"काय झालं, अब्बा?"

"काय न्हाई. तुला लय उशिरा इचारलं."

तपासणी पाच-दोनला दोन तास टिकली. रुक्सार तोच आकडा पक्का करायला निघाली तेव्हा त्यानं तिचा हात धरला. "एक पायरी खाली घे. एकदा चालणं येगळं, रोज चालणं येगळं. उद्या ऊन वाढंल." तिनं त्याच्याकडं बघितलं, वाद घातला नाही, पाच-एक केलं. एक चित्र आता चार मिनिटं दहा सेकंदांत होऊ लागलं. मंगळवारी संध्याकाळी तिनं अख्खी फिल्म सुरू केली आणि शुक्रवारी दुपारी ती संपली, मध्ये एकदाही न थांबता. तिघं पलंगावर ओळीनं बसले. फाटक उघडलं, ओटा आला, दिवाणखान्यात ते ऊन, त्याच्या कडेला स्वयंपाकघर, मग जिना, गच्ची, मागं डोंगराची रेघ. चाळीस सेकंद. दस्तगीरला वाटलं, आपण साताऱ्यातल्या कुणाच्या तरी घरी चपला न काढता हिंडून आलो.

"परत लाव," अख्तरबी म्हणाली. परत लावलं. तिनं बोट पडद्याला टेकवलं. "हितं थांबीव. ह्या सैपाकघराला खिडकी कुठाय?" रुक्सारनं नकाशा काढून बघितला. खिडकी नव्हती, मागल्या भिंतीला पाण्याची टाकी होती. "बाईजात हाय का न्हाई ह्या घरात, का नुसते पुरुष ऱ्हाणार?" रुक्सारनं वीरधवलला फोन लावला. पलीकडनं तो बराच वेळ हसल्याचं ऐकू आलं, मग गंभीर झाला आणि टाकी सरकवून रात्रीपर्यंत नवा नकाशा पाठवतो म्हणाला. ती चित्रं परत करावी लागणार होती. उद्या दाखवायच्या आत होतील, रुक्सार म्हणाली, आता होतील. आणि फोन ठेवल्यावर, आईबापांकडं न बघता, ती म्हणाली, "मी पुण्याचं घेणार आहे."

दस्तगीरचं मन खाली जायला लागलं. तो ते बघत राहिला. ह्या वेळी ते तळाला गेलं नाही, मध्येच कुठंतरी थांबलं. "मशीन तर आता झालं की," अख्तरबी म्हणाली.

"मशीन नव्हतं म्हणून जाणार होते तेव्हा जायची भीती वाटत होती, अम्मी. आता वाटत नाही." ती बापाकडं वळली. "तिथं मला एकटीला एक अख्खं काम देतायत. मला जमंल का माहीत नाही."

पाच-तीनला पडदा निळा झाला होता. पण पाच-तीन करून बघितल्याशिवाय पाच-एक कुठं आहे हे कळलं नसतं. हे सगळं त्याच्या डोक्यात होतं, पण बोलायला गेला तेव्हा एवढंच आलं: "जा. ऱ्हायची खोली कसली हाय ती बघायला मी येणार. तुझी अम्मी बी येणार." अख्तरबीनं डोळे पुसले आणि खिडकी असलेली बघ म्हणाली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ते दोघं तिला पोचवून आले. खोली बरी होती. पेटी मात्र तिनं नेली नाही. मोठी कामं मी तिथून हिच्यावरच टाकीन, ती म्हणाली, इंटरनेटवरनं चालवीन, तुम्ही फक्त धूळ बसू देऊ नका आणि लाइट गेली तर बटन दाबा. दस्तगीरला ते नीटसं समजलं नव्हतं. सोमवारी सकाळी साडेदहाला तो पलंगावर बसून वाटीतले शेंगदाणे सोलत होता. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, पडदा बंद होता. आणि पेटीतले पंखे हळूहळू चढायला लागले, आधी एक, मग सगळे मिळून, कुणी हात न लावता, कामाला लागलेल्या माणसाच्या श्वासासारखे एका लयीत आले आणि त्या लयीत राहिले. त्यानं वाटी बाजूला ठेवली. बराच वेळ ऐकत बसला.

"अख्तर," त्यानं आत हाक मारली, "ये हिकडं. पोरगी कामावर आली बघ."